खेड तालुक्यातील कुटुंबांचे स्थलांतर व उत्पन्नातील पालट

पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्याची भूमी एकसारखी नाही. पश्चिमेस भीमाशंकरच्या डोंगरांत पाऊस मुबलक पडतो. परंतु उतारावरील तुकड्यांत भात व नाचणी यांपलीकडे फारसे पिकत नाही. पूर्वेकडील जमीन मुख्यतः बाजरी-ज्वारीची. वाटण्यांमुळे शेताचे तुकडे पडत गेले व केवळ शेतीवर कुटुंबाचे वर्ष निघेनासे झाले. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांच्या स्मरणार्थ जे पुढे राजगुरुनगर झाले, त्या खेड गावाच्या परिसरातून पुरुषांनी मुंबईची वाट धरली ती या अडचणीतून.

डबेवाल्यांचा व्यवसाय हे या स्थलांतराचे ठळक उदाहरण होय. इ. स. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी आरंभिलेल्या या व्यवसायात खेड, आंबेगाव, जुन्नर व मावळ या भागांतील लोकच प्रामुख्याने शिरले. नवा माणूस गावच्या वा नात्याच्या ओळखीने येई आणि मुकादमाच्या टोळीत मिळकत समान वाटली जाई. कर्ता पुरुष मुंबईत व शेती घरच्यांच्या हाती, अशी ही व्यवस्था होती. चैत्रात गावच्या यात्रेसाठी डब्यांचे काम काही दिवस बंद ठेवण्याचा प्रघात याच संबंधाची साक्ष देतो. मुंबईच्या पैशाने शेती सुटली नाही. उलट ती टिकली.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पिंपरी-चिंचवडमागोमाग तालुक्यातील चाकणलाही कारखाने आले, आणि २००९ पासून परदेशी मोटार कंपन्यांनी तेथे उत्पादन आरंभिले. कांदा-बटाट्याच्या बाजारपेठेचे हे गाव आता मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश व बिहार येथील मजुरांचे आश्रयस्थान बनले. माणसे बाहेर पाठविणारा तालुका माणसे सामावून घेऊ लागला. मोबदला, खोल्यांचे भाडे, वाहतुकीचा धंदा व कारखान्याचे वेतन ही उत्पन्नाची नवी साधने होत. तथापि त्यांचा लाभ मुख्यतः कारखान्यांच्या आसपासच्या गावांस झाला. डोंगराकडील कुटुंबांच्या वाट्यास त्यातील थोडेच आले.

दोन्ही कालखंडांतील मूलभूत भेद येथेच आहे. पूर्वी माणूस जाई व जमीन राही. आता माणूस राहतो व जमीन जाते. मोबदला एकदाच मिळतो, शेत पिढ्यान्‌पिढ्या पोसते. २०२० साली टाळेबंदीत लोकल गाड्या सर्वसामान्यांस बंद झाल्या व डब्यांचा व्यवसाय थांबला, तेव्हा अनेक डबेवाले गावी परतले. ज्यांचे शेत शाबूत होते, त्यांस निदान उभे राहण्यास जागा होती. म्हणून उत्पन्नाच्या वाढीचे मोजमाप करताना, त्या वाढीसाठी कुटुंबाने काय गमावले याचीही नोंद घेणे अगत्याचे ठरते.