ढाब्यावरची कॅलरी आणि डॉ. सुखात्मे

हिंगोलीहून औंढ्याकडं जाताना ढाब्यावर शेवभाजी मागवली, की माझा हात आधी मोबाइलकडं जायचा. एक ॲप म्हणायचं ४०० कॅलरी, दुसरं ६५०. तोवर भाकरी गार.

मग वाचनात आले डॉ. पां. वा. सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, संख्याशास्त्रज्ञ; वीस वर्षं रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत. १९७१ साली पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी गरिबी मोजायला माणशी रोज २,२५० कॅलरींची रेघ ओढली. म्हणजे तेव्हा कॅलरी मोजायची ती उपाशी कोण, हे ठरवायला! सुखात्म्यांनी हरकत घेतली: असा आकडा सरासरीचा, किमान गरजेचा नव्हे. एकाच धडधाकट माणसाचं खाणं रोज कमीजास्त होतं, शरीर ते सांभाळून घेतं.

दांडेकरांना हे पटलं नाही. अशानं खरे उपाशी मोजणीतून गळतील, ही टीकाही झाली, आणि ती मला रास्त वाटते. ज्याला पर्यायच नाही त्याला ‘शरीर सांभाळून घेईल’ कसं सांगणार? पण भरल्या पोटी ॲपशी भांडणाऱ्या माझ्यासारख्याला ते लागू पडतं.

आता अंदाज बोटांवर. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाचे साधारण ३४०, तर्रीतल्या तेलाचे मोठ्या चमच्याला १२०. शंभर इकडं-तिकडं झाले तर होऊ देत. ॲप काढलं नाही. रविवारी उघडतो, आठवड्याची सरासरी बघतो.