विंडोजवरून लिनक्सवर: डेटाबेस सर्व्हरचे स्थलांतर

हैदराबादच्या मलकपेठेतील गंज ही कांदा आणि मिरचीची मोठी घाऊक पेठ. तेथील कांद्याचा बराच भाग महाराष्ट्रातून जातो. 14 एप्रिल 2016 रोजी राष्ट्रीय कृषी बाजार, अर्थात ई-नाम, सुरू झाला तेव्हा आठ राज्यांतील पहिल्या 21 बाजारांत हैदराबादचा समावेश होता. अशा पेठेत संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या अडत दुकानात आवक, वजन, भाव, हमाली आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारी पट्टी या साऱ्यांचा आधार एकच असतो: डेटाबेस सर्व्हर. तो नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर हलवताना एका रकान्याची गफलत झाली, तर कुणाची तरी पट्टी चुकते.

अशी वेळ बहुधा हौसेने येत नाही. विंडोज सर्व्हर 2012 आर2 ची नियमित सुरक्षा दुरुस्ती 10 ऑक्टोबर 2023 रोजी संपली. लिनक्सच्या बाजूलाही चिरस्थायी काही नाही. सेंटओएस 7 चा आधार 30 जून 2024 रोजी थांबला. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2017 मध्ये आपला एसक्यूएल सर्व्हर लिनक्ससाठी खुला केल्यापासून डेटाबेस तोच ठेवून केवळ पायाखालची जमीन बदलणे शक्य झाले आहे.

त्याची स्थापना सोपी आहे. किमान दोन जीबी मेमरी, मोजक्या आज्ञा आणि प्रशासकाचा पासवर्ड एवढ्यावर सर्व्हर उभा राहतो. विंडोजवर घेतलेला बॅकअप लिनक्सवर उतरवताही येतो. मात्र तेथे सी ड्राइव्ह नसल्यामुळे फाइलींची नवी जागा स्पष्ट सांगावी लागते. त्या फाइलींची मालकी डेटाबेसच्या वापरकर्त्याकडे नसेल, तर सर्व्हर त्या उघडत नाही. विंडोजच्या खात्यावरून आपोआप होणारा प्रवेश वेगळी जुळणी केल्याशिवाय चालत नाही. रात्रीच्या बॅकअपच्या जुन्या बॅच फाइली तर मागेच राहतात, आणि ते कित्येकदा आठवडाभर कुणाच्या ध्यानी येत नाही.

मायएसक्यूएलमध्ये वेगळाच सापळा आहे. विंडोजवर तक्त्याच्या नावातील इंग्रजी मोठ्या आणि लहान अक्षरांत भेद केला जात नाही; लिनक्सवर सामान्यतः केला जातो. परिणामी वर्षानुवर्षे चाललेला प्रोग्राम अचानक ‘तक्ता सापडत नाही’ असे सांगू लागतो. यासंबंधीची सेटिंग आवृत्ती 8.0 पासून सर्व्हर प्रथम सिद्ध करतानाच ठरवावी लागते. नंतर बदलता येत नाही. पोस्टग्रेसच्या बाबतीत विंडोजवरील डेटा फोल्डर उचलून लिनक्सवर ठेवणे हा मार्गच नाही. माहिती निर्यात करून पुन्हा भरावी लागते.

मराठी नोंदींची काळजी याहून अधिक घ्यावी लागते. मायएसक्यूएल 5.7 पर्यंतचा मूळ संकेत लॅटिन होता. तो तसाच राहिलेल्या तक्त्यात देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात, आणि ती परत अक्षरांत बदलत नाहीत. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली नावे तर प्रत्यक्षात इंग्रजी चिन्हेच असतात. फाँट नसलेल्या यंत्रावर त्यांचे खरे रूप उघडे पडते. गोव्यात एकाच यादीत मराठी, कोंकणी आणि रोमी नावे नांदतात; तेव्हा ही तपासणी आधीच झालेली बरी.

वर्णक्रमाचा प्रश्न अधिक फसवा आहे. पोस्टग्रेस बहुधा लिनक्सच्या जीलिबसी या ग्रंथालयाचा क्रम वापरते. 2018 मधील त्याच्या 2.28 आवृत्तीत तो क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. त्यामुळे जुन्या लिनक्सवरचा डेटा फोल्डर जसाच्या तसा नव्या लिनक्सवर नेल्यास इंडेक्स जुन्या क्रमाचे आणि शोध नव्या क्रमाचा, अशी विसंगती होते. नोंद असूनही सापडत नाही. क्वचित एकच नाव दोनदा शिरते. उपाय इंडेक्स नव्याने बांधण्याचा. पण तो आठवणीने करावा लागतो.

बॅकअप आहे, एवढ्यावर विसंबणे धोक्याचे असते. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीच्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरील डेटा पुसला. तेव्हा कळले की नियमित बॅकअप तयारच होत नव्हते, कारण 9.6 च्या डेटाबेसवर 9.2 आवृत्तीचे साधन चालवले जात होते. इशाऱ्याचे ईमेलही पोहोचत नव्हते. सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली.

म्हणून बॅकअप नव्या यंत्रावर उतरवून पाहणे हेच स्थलांतराचे पहिले काम. तक्त्यांतील नोंदींची संख्या आणि रकमेच्या रकान्यांच्या बेरजा दोन्हीकडे जुळवाव्यात, दहा-वीस पट्ट्या छापून अक्षरे वाचावीत. प्रत्यक्ष बदल बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी, नोंदणी थांबवून करावा. जुना सर्व्हर मात्र फक्त वाचण्यापुरता चालू ठेवावा, निदान पहिल्या महिनाअखेरचा हिशेब दोन्हीकडे पैशापर्यंत जुळेपर्यंत.