लखनौचा इशारा : जनरल थोरातांची गोष्ट

कात्रपहून बदलापूर स्टेशन गाठायचं आणि कल्याणकडची लोकल धरायची, हे आपल्यातल्या बहुतेकांचं रोजचंच. वाटेत उल्हासनगर लागतं. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्करी तळ होता. जुनी माणसं अजूनही त्याला 'कॅम्प'च म्हणतात. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले. म्हणजे ते युद्ध आपल्या दारापर्यंत आलेलं होतं. आज त्या युद्धात लढलेल्या एका मराठी माणसाबद्दल बोलायचंय, लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांच्याबद्दल.

जन्म १९०६ चा, कोल्हापूर संस्थानातल्या वडगावचा. सँडहर्स्टला शिक्षण झालं आणि १९२६ मध्ये कमिशन मिळालं. त्या काळी हिंदी अधिकारी पलटण चालवू शकेल का, याचीच इंग्रजांना शंका असायची. तिचं उत्तर मिळालं जानेवारी १९४५ मध्ये, ब्रह्मदेशात आराकानमधल्या कांगॉला. माघार घेणाऱ्या जपान्यांचा रस्ता तिथे अडवायचा होता. ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींवर हिंदी कर्नल होते : थिमय्या, एल. पी. सेन आणि आपले थोरात. थोरातांच्या पंजाब पलटणीने 'मेलरोझ' नावाची टेकडी अगदी हातघाईची लढाई करून जिंकली. तिघांनाही डीएसओ हा सन्मान मिळाला.

ही तीन नावं लक्षात ठेवा बरं का, कारण पुढची सगळी गोष्ट याच तिघांभोवती फिरते.

१९५३ साली कोरियातलं युद्ध थांबलं, पण मायदेशी परतायला नकार देणाऱ्या २२ हजारांहून जास्त युद्धकैद्यांचा प्रश्न उरला. त्यांना सांभाळायला भारताने फौज पाठवली. आयोगाचे अध्यक्ष थिमय्या आणि फौजेचे प्रमुख थोरात. एके दिवशी कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांना आपल्या तळात ओढून नेलं. गोळीबार केला असता तर रक्तपात अटळ होता. थोरात मोजकी माणसं घेऊन, हातात शस्त्र न घेता आत गेले, कैद्यांशी बोलले आणि ग्रेवालांना सोडवून आणलं. या कामगिरीबद्दल त्यांना अशोकचक्र, वर्ग दुसरा मिळालं. आज त्यालाच आपण कीर्तिचक्र म्हणतो.

आता येऊ मुख्य मुद्द्याकडे. १९५७ पासून थोरात लखनौला पूर्व विभागाचे प्रमुख होते. ईशान्येची सीमा त्यांच्याकडे. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी अहवाल लिहिला. त्याचा आशय असा, की चीन मोठं आक्रमण करू शकतो आणि अगदी सीमेवरच्या ठाण्यांवर ते थोपवता येणार नाही. तिथे रस्ते नाहीत, रसद पोचत नाही. तेव्हा पुढची ठाणी नुसती पहाऱ्याला ठेवा, आणि खरी लढाई मागे बोमडिलासारख्या ठिकाणी द्या. तिथे आपली रसद जवळ असेल आणि चिनी दमलेले असतील. लष्करप्रमुख थिमय्यांनी अहवाल पुढे पाठवला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ती निव्वळ घबराट वाटली. मग मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किला' नावाचा युद्धसराव झाला. नकाशावर जे दिसलं, तेही हेच होतं.

मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. त्यांच्या मते वारस थोरातच. पण नेमणूक झाली थापर यांची, आणि थोरातही निवृत्त होऊन कोल्हापूरला परतले. पूर्व विभागाची सूत्रं कोणाकडे गेली? कांगॉचे तिसरे कर्नल, सेन यांच्याकडे! त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने ठाणी आणखी पुढे सरकवायचं धोरण धरलं. म्हणजे अहवालाच्या अगदी उलट. २० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला आणि महिन्याभरात बोमडिलाही पडलं.

पराभवानंतर नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतलं. तो अहवाल आपल्यापर्यंत पोचलाच नव्हता, असं नेहरू म्हणाल्याचं थोरातांनी आत्मचरित्रात लिहिलंय. इकडे मेननांच्या जागी यशवंतराव चव्हाण गेले होते. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री' हे आपण अभिमानाने सांगतो. पण सह्याद्रीने तीन वर्षं आधी धाडलेला तो अहवाल मात्र आपण विसरलो.

थोरातांचं ऐकलं असतं तर युद्ध जिंकलंच असतं, असा दावा मी करणार नाही. त्यांच्या योजनेलाही सैन्य लागणार होतं, रस्ते लागणार होते. पण त्यासाठी हातात तीन वर्षं होती, आणि ती गेली. कैद्यांच्या तळात निःशस्त्र शिरायला धाडस लागतं. वरिष्ठांना नको असलेलं खरं लिहून, त्याखाली सही करायलाही तितकंच लागतं. थोरातांकडे दोन्ही होतं. ऑगस्ट १९९२ मध्ये ते गेले.