पाळण्यातले पाय आणि पाहणारे डोळे

'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण आमच्या घरांतून इतक्या सहजपणे उच्चारली जाते की, तिच्यात एक मोठी उणीव आहे हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. पाय दिसतात खरे; पण ते कोणास दिसतात, आणि ज्यास दिसतात तो पुढे काय करतो, याविषयी म्हण मौन धरते. भिंत फोडून पिंपळ उगवतो त्याप्रमाणे खरी बुद्धी आपल्या बळावर वर येतेच, असा एक समज तिच्या पोटी दडलेला असतो. इतिहास ह्या समजास पुष्टी देत नाही. जे वर आले त्यांचीच चरित्रे लिहिली जातात. जे भिंतीआडच सुकून गेले त्यांची नोंद कोणी ठेवीत नाही. म्हणून वर आलेल्यांच्या चरित्रांतच, त्यांस हात कोणी दिला, केव्हा दिला आणि कशाच्या मोलाने दिला, हे न्याहाळून पाहणे हा ह्या प्रश्नाचा निर्णय करण्याचा एक मार्ग उरतो. प्रस्तुत लेखात तेवढेच करण्याचे आम्ही योजिले आहे.

विद्येस आश्रय देण्याची चाल आमच्याकडे जुनी आहे. पेशव्यांच्या अमदानीत श्रावणमासी पुण्यात दक्षिणा वाटली जाई, आणि तिच्यासाठी दूरदूरचे शास्त्री-पंडित येत. 1818 साली राज्य गेल्यावर एल्फिन्स्टनसाहेबांनी ह्या दक्षिणेचा काही अंश विद्येच्याच कामी राखला, व 1821 साली विश्रामबागवाड्यात पाठशाळा उघडली. परंतु ही दक्षिणा तयार विद्वानाची होती. घडत असलेल्या मुलाची नव्हती. शिवाय ती एका वर्णाच्या पुरुषांपुरती होती. पुढे इंग्रजी अमदानीत परीक्षा आल्या, आणि परीक्षांबरोबर शिष्यवृत्त्या आल्या. जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची मॅट्रिकच्या परीक्षेतील संस्कृतची शिष्यवृत्ती हे तर कित्येक पिढ्या आमच्या घरांतील मुलांचे स्वप्न होऊन बसले. 1912 साली मॅट्रिकला पहिले आलेले चिंतामणराव देशमुख ह्याच शिष्यवृत्तीचे मानकरी होते. आता दान जन्म पाहून नव्हे तर गुण पाहून मिळू लागले, ही पायरी मोठी होती यात संशय नाही. तथापि परीक्षेच्या मांडवापर्यंत मूल पोहोचावे कसे, हा प्रश्न तसाच राहिला. त्याचे उत्तर सरकारी दप्तरात नसून घरांत आणि गावच्या शाळांत सापडते.

कोकणातील मुरुड गावचेच उदाहरण घेऊ. तेथे सोमण मास्तर म्हणून एक शिक्षक होते. त्यांच्या हाताखाली धोंडो केशव कर्वे नावाचा एक अबोल, सामान्य स्थितीतील मुलगा शिकत असे. मराठी सहावीची परीक्षा साताऱ्यास होती. भर पावसात, डोंगर आणि घाट ओलांडीत, हा मुलगा सोबत्यांसह शंभराहून अधिक मैल चालत गेला. आणि तेथे परीक्षकांनी, वय लहान दिसते एवढ्या कारणावरून, त्यास परत पाठविले! पुढल्या खेपेस कोल्हापुरास जाऊन तो उत्तीर्ण झाला. ही कथा पुष्कळांस ठाऊक आहे, आणि ती बहुधा चिकाटीचा धडा म्हणून सांगितली जाते. आम्हांस तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. शंभर मैल चालून जावे इतकी त्या परीक्षेची किंमत त्या मुलास कोणीतरी पटवून दिलेली होती. खेड्यातील एका मास्तराने आपल्या शिष्याच्या मनात जे पेरले ते एवढेच. पण त्यावाचून पुढचे काहीच घडले नसते.

हेच कर्वे मुंबईस जाऊन 1884 साली पदवीधर झाले, आणि शिकवण्यांवर संसार चालवू लागले. मुरुडजवळच्या मुर्डी गावी त्यांचे मामेभाऊ रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1876 साली जन्मले होते. मुलगा विलक्षण बुद्धीचा आहे हे पाहून कर्व्यांनी त्यास मुंबईस आपल्या बिऱ्हाडी आणले व मराठा हायस्कुलात घातले. 1891 साली कर्वे पुण्यास फर्गसन कॉलेजात गणित शिकविण्यास गेले. रघुनाथही त्याच कॉलेजात आला. पुढे हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती मिळवून तो केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेला, आणि 1899 साली गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या बरोबरीने पहिला येऊन सीनियर रँग्लर झाला. हा मान मिळविणारा तो पहिला हिंदी मनुष्य होय. त्याच्यापुढे मोठ्या सरकारी नोकरीचा मार्ग मोकळा होता. पण तो फर्गसन कॉलेजातच अल्प वेतनावर परत आला, आणि 1902 साली तेथील प्राचार्य झाला. ज्या संस्थेने वाढविले तिचे ऋण फेडावयाचे असते, हे त्यास कोणी व्याख्यान देऊन शिकविले नसावे. ज्या घरात तो वाढला तेथे ते रोज डोळ्यांपुढे घडत होते.

ही साखळी येथेच तुटत नाही. ब्रह्मदेशात 1905 साली जन्मलेली इरावती करमरकर नावाची मुलगी सातव्या वर्षी पुण्यास हुजूरपागेच्या शाळेत येऊन राहिली. रँग्लर परांजप्यांची कन्या शकुंतला ही तिची शाळासोबतीण. त्या ओळखीतून परांजपे दांपत्याने ह्या परक्या मुलीस आपल्या घरी आणले आणि पोटच्या मुलीप्रमाणे वाढविले. ग्रंथांनी भरलेल्या, वादविवादांनी गजबजलेल्या त्या घरात तिची बुद्धी उमलली. पुढे तिचा विवाह झाला तो महर्षी कर्व्यांचेच चिरंजीव दिनकर यांच्याशी. 1928 साली दिनकरांनी तिला उच्च शिक्षणासाठी जर्मनीस पाठविण्याचे ठरविले तेव्हा खुद्द महर्षींनी त्या बेतास विरोध केला! स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या थोर पुरुषाचीही दृष्टी कोठेतरी अडते, आणि तेव्हा घरातील दुसऱ्या कोणीतरी पाठीशी उभे राहावे लागते, एवढाच याचा अर्थ. दिनकर उभे राहिले. कर्ज काढून ती गेली, आणि 1930 साली बर्लिनहून डॉक्टर होऊन परत आली. 'युगान्त' लिहिणाऱ्या इरावतीबाई त्या ह्याच.

सोमण मास्तरांपासून इरावतीबाईंपर्यंत ही चार नावे एका ओळीत मांडली म्हणजे एक गोष्ट उघड होते. प्रत्येकाने आपल्यास जे मिळाले ते मागे न परतविता पुढे दिले. आणि त्यात पैशाचा भाग थोडाच होता. राहण्यास जागा, ताटातील अन्न, हाताशी पुस्तक, आणि 'तुझ्याकडून पुष्कळ अपेक्षा आहे' हे न बोलता सांगणारी वडील माणसांची नजर, एवढ्यावर ही इमारत उभी राहिली.

ह्याच काळात कावेरीकाठी कुंभकोणम् येथे दुसरा एक मुलगा वाढत होता. श्रीनिवास रामानुजन् याचा जन्म 1887 चा. बाप कापडाच्या दुकानात कारकून. पाळण्यातले पाय येथे दिसले नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. शाळेने त्यास गणिताचे पारितोषिक दिले. 1904 साली कॉलेजची शिष्यवृत्तीही मिळाली. पण मध्यंतरी कार नावाच्या एका इंग्रज शिक्षकाचा, हजारो सिद्धांतांची नुसती यादी असलेला ग्रंथ त्याच्या हाती पडला, आणि गणितावाचून त्यास दुसरे काही सुचेनासे झाले. बाकीच्या विषयांत तो नापास झाला, शिष्यवृत्ती गेली, 1905 साली तो घरातून निघून गेला. मद्रासेस पुन्हा प्रयत्न केला, तेथेही तोच प्रकार. पुढील कित्येक वर्षे हा अलौकिक गणिती वही बगलेत मारून दारोदार आश्रय शोधीत हिंडला. शेवटी रामस्वामी अय्यर, रामचंद्र राव ह्यांसारख्या गणितप्रेमी अधिकाऱ्यांच्या ओळखी झाल्या. 1912 साली मद्रास बंदराच्या कचेरीत तीस रुपयांची कारकुनी मिळाली, आणि 1913 च्या जानेवारीत त्याने केंब्रिजच्या हार्डीसाहेबांस ते प्रसिद्ध पत्र लिहिले. त्याच वर्षी ज्या विद्यापीठाच्या परीक्षेत तो नापास झाला होता त्याच मद्रास विद्यापीठाने त्यास दरमहा पंचाहत्तर रुपयांची संशोधनवृत्ती दिली. 1918 साली तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला. 1920 च्या एप्रिलात, बत्तिसाव्या वर्षी, तो वारला.

येथे दोष कोणाचा? परीक्षेचा नियम सर्वांस सारखा असावा, हे म्हणणे काही खोटे नाही. पण नियम मोडण्याची गरजच नव्हती. मुलगा इंग्रजीत व शरीरशास्त्रात का मागे पडतो याची कोणी जवळ बसून विचारपूस केली असती, आणि गणिताचा त्याचा छंद न तोडता बाकीच्या विषयांपुरता त्यास हात दिला असता, तर कदाचित ती उपाशी वर्षे वाचली असती. अव्वल बुद्धीचे मूल सर्वच विषयांत अव्वल असलेच पाहिजे, ही आमची समजूत अद्यापि गेलेली नाही. जे मूल एका दिशेने शंभर पावले पुढे जाते ते दुसऱ्या दिशेने दहा पावले मागे असू शकते, आणि त्या दहा पावलांपायी आम्ही ती शंभर बुडवितो.

तिसरे उदाहरण मुंबईच्या परळ भागातील चाळीतले आहे. सुभेदार रामजी सकपाळ यांचे बिऱ्हाड एका खोलीचे. तेथे आपल्या भीमराव नावाच्या मुलासाठी बापाने काय केले हे प्रत्येक सुशिक्षित गृहस्थाने वाचावे. दोघांचे शिक्षण झेपेना म्हणून थोरल्या आनंदरावाची शाळा सोडवून त्यास कामास लावले. धाकट्यास पुस्तक हवे असले की सुभेदार विवाहित मुलींचे दागिने उसने घेत, ते गहाण टाकीत, आणि पेन्शन हाती आले की सोडवीत. रात्री मुलास लवकर निजवून, आपण दोन वाजेपर्यंत जागून, मग त्यास अभ्यासास उठवीत. ह्या मुलास संस्कृत शिकण्याची ओढ होती. पण जातीमुळे ते दार त्यास बंद होते, आणि पर्शियन घ्यावे लागले. ज्या भाषेच्या शिष्यवृत्तीचे कौतुक आम्ही वर केले, तिच्या शर्यतीत उभे राहण्याचीच त्यास मुभा नव्हती. गुणांची परीक्षा कितीही निःपक्षपाती असो, तिच्या दाराशी कोणास येऊ दिले जाते यावर तिचा न्याय अवलंबून असतो, याचा ह्याहून बोलका दाखला नाही.

तरीही पाहणारे डोळे येथेही भेटले. चर्नी रोडच्या बागेत पुस्तक वाचीत बसणाऱ्या ह्या मुलाकडे कृष्णराव अर्जुन केळुसकर ह्या शिक्षकाचे लक्ष गेले. 1907 साली तो मॅट्रिक झाला तेव्हा झालेल्या सत्कारसभेत केळुसकरांनी त्यास आपण लिहिलेले बुद्धचरित्र दिले. पुढे पैशाअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली तेव्हा त्यांनीच खटपट केली, आणि सयाजीराव महाराजांनी दरमहा पंचवीस रुपये दिले. 1913 साली महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. सर्वांस ठाऊक असलेल्या त्या पुढील इतिहासाच्या पायाशी एक पेन्शनर बाप, एक शाळामास्तर आणि एक राजा असे तिघे उभे आहेत. आणि त्यांच्या मागे, आमच्या मते, शाळा सोडून कामास गेलेला तो थोरला भाऊही उभा आहे. एकास वर चढविण्यासाठी घरातील दुसरा कोणी खाली राहतो, हे मोल चरित्रकार सहसा मोजीत नाहीत.

आश्रय न मिळण्याने जसा नाश होतो तसा अति कौतुकानेही होतो. अमेरिकेतील विल्यम सिडिस हा मुलगा 1909 साली, अकराव्या वर्षी, हार्वर्ड विद्यापीठात गेला. बापाने त्याची बुद्धी जगापुढे मिरविली, वर्तमानपत्रांनी त्याचा पिच्छा पुरविला. मोठेपणी त्याने लोकांपासून तोंड लपवून किरकोळ नोकऱ्यांत दिवस काढले, आणि 1944 साली तो एकाकी वारला. सुभेदारही मुलास मध्यरात्री उठवीत. पण ते स्वतः त्याच्यासाठी जागत, लोकांस दाखविण्यासाठी नव्हे. आमच्या घरांतून पाहुण्यांसमोर मुलांकडून पाढे आणि श्लोक म्हणवून घेतले जातात, तेव्हा हा भेद आठवावा.

विसाव्या शतकात बुद्धी मोजण्याचे शास्त्र निघाले. फ्रान्समध्ये बिने यांनी 1905 साली पहिली कसोटी रचली ती मागे पडणाऱ्या मुलांस मदत करण्यासाठी. धारवाडच्या वि. वा. कामत यांनी मराठी व कानडी मुलांसाठी ती जुळवून घेतली, व 1940 साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेत टर्मन यांनी 1921 पासून दीड हजार तीव्रबुद्धी मुलांचा पाठपुरावा आरंभिला. गंमत अशी की, त्यांच्या कसोटीत न बसल्यामुळे वगळलेल्या मुलांपैकी शॉक्ले व आल्व्हारेझ ह्या दोघांस पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या देशातही ह्या दिशेने प्रयत्न झाले. पुण्यात 1962 साली डॉ. वि. वि. पेंडसे यांनी ज्ञानप्रबोधिनी स्थापिली; 1963 साली दिल्लीहून विज्ञानातील प्रज्ञाशोधाची योजना निघाली; 1986 साली खेड्यांतील मुलांसाठी नवोदय विद्यालये उघडू लागली. ही सर्व कामे स्तुत्य आहेत. ज्ञानप्रबोधिनीने तर बुद्धीबरोबर समाजऋणाची जाणीव जोडून मुरुडच्या साखळीचेच सूत्र पुढे चालविले. परंतु कसोटीचे जाळे कितीही बारीक विणले तरी त्यातून काही मासे निसटतात, हे टर्मनसाहेबांचे उदाहरण सांगते. म्हणून बागेत वाचीत बसलेल्या मुलापाशी थांबणाऱ्या मास्तराची गरज कोणत्याही परीक्षेने संपत नाही.

बुद्धिमान मुलास काय द्यावे, असे आईबाप विचारतात, आणि बहुधा उत्तर म्हणून एखाद्या वर्गाची फी भरून मोकळे होतात. वरील चरित्रांचे उत्तर वेगळे आहे. त्याच्या छंदास मोकळीक द्यावी, उणिवेस हात द्यावा. कौतुक आवरते घ्यावे, पण अपेक्षा सोडू नये. आणि ज्यांच्या त्यागावर तो शिकतो त्यांची नावे त्यास ठाऊक असू द्यावीत. शिक्षकाने पहिल्या बाकावरील हातापलीकडेही पाहावे. आणि ज्यांच्या घरी दोन घास अधिक आहेत त्यांनी स्वतःस एवढेच विचारावे की, आमच्या मुलांखेरीज आणखी कोणाचे पाय पाळण्यात दिसतात काय, हे पाहण्यास आम्ही शेवटचे केव्हा थांबलो होतो?