दाराच्या चौकटीवरची मेझुझा



दार हे घराचे तोंड होय. आपल्या मोरिवलीत आजही सकाळी उंबरठ्यावर पाणी शिंपडून दोन रेघा रांगोळीच्या ओढल्याखेरीज अनेक घरी चूल पेटत नाही. सणाला आंब्याच्या पानांचे तोरण लागते ते दारालाच. दाराचा असाच मान राखणारा एक समाज आपल्याच कोकणात शतकानुशतके राहात आला आहे. तो म्हणजे बेने इस्राएल. त्यांच्या दारावरील खुणेविषयी वर्धापनदिनाच्या या अंकात चार शब्द लिहावेत असे मनात आले, त्याला कारणही तसेच आहे.

माझ्या लहानपणी, 1970 च्या सुमारास, आमच्या चाळीत शेजारी एक बेने इस्राएल कुटुंब राहात असे. घरातील बाईंना आम्ही मुले मावशी म्हणत असू. त्यांच्या दाराच्या चौकटीवर, आत शिरताना उजव्या हाताला, बोटभर लांबीची एक पितळी नळी तिरपी बसविलेली होती. जाता-येता मावशी तिला बोटे लावीत व ती ओठांशी नेत. आम्हांस वाटे, आत ताईत असावा. एकदा मी तसे विचारले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “अगं, ताईत नव्हे. ती आठवण आहे.”

त्या उत्तराचा अर्थ पुढे वाचनातून उलगडला. या वस्तूचे नाव मेझुझा. हिब्रू भाषेत या शब्दाचा मूळ अर्थच दाराची चौकट असा आहे. नळी हे केवळ घर, खरी मेझुझा आत असते. शुद्ध मानलेल्या जनावराच्या चर्मपत्रावर शिकलेला लेखनिक हाताने 22 ओळी लिहितो. त्यांत 713 अक्षरे असतात, आणि त्यांतील एक जरी चुकले तरी ती मेझुझा चालत नाही. हा मजकूर तोरातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या व अकराव्या अध्यायांतून घेतलेला असतो. देव एकच आहे, त्याच्यावर सर्व अंतःकरणाने प्रीती करावी, ही शिकवण मुलांना द्यावी, घरी बसता व वाटेने चालता तिच्याविषयी बोलावे आणि ती दाराच्या चौकटीवर लिहावी, असा त्याचा आशय आहे. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या मेझुझा सापडल्या आहेत. प्रथा किती जुनी आहे हे त्यावरून ध्यानी येईल.

चर्मपत्राच्या पाठीवर ‘शद्दाय’ हे देवाचे नाव लिहितात. त्यातील तीन हिब्रू अक्षरांवरून ‘इस्राएलच्या दारांचा रक्षक’ असाही अर्थ लावला जातो. तथापि तिला गंडा-दोरा समजू नये, याबद्दल जुने धर्मपंडित दक्ष होते. बाराव्या शतकातील मैमोनिदीस यांनी मेझुझेच्या आत देवदूतांची नावे लिहिणाऱ्यांना कडक शब्दांत दोष दिला आहे.

ती तिरपी का, याचीही एक गंमत आहे. अकराव्या शतकातील राशी या पंडिताचे मत ती उभी लावावी असे होते. त्याचा नातू रब्बेनू ताम म्हणे, आडवी लावावी. पुढे युरोपातील अनेकांनी दोघांचा मान राखून ती तिरपी लावण्याचा प्रघात पाडला. आजोबा व नातू यांचा मतभेद दारावरच मिटला! आपल्या घरांतूनही असा तोडगा पुष्कळदा कामी येईल. आणखी एक गोष्ट आपण स्त्रियांनी लक्षात घेण्याजोगी आहे. काही धर्मकृत्यांतून यहुदी शास्त्राने स्त्रियांना मोकळीक दिली, पण मेझुझेचे कर्तव्य पुरुषाइतकेच स्त्रीवरही ठेवले.

आता आपल्या कोकणाकडे वळू. गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागल्या, अशी बेने इस्राएलांची परंपरा सांगते. तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. गावांवरून दिवेकर, पेणकर, किहीमकर अशी आडनावे पडली. भाषा मराठी झाली. हिब्रू पोथ्या उरल्या नाहीत. मात्र देवाच्या एकत्वाची ‘शमा’ ही प्रार्थना त्यांच्या मुखी राहिली, आणि मेझुझेतील पहिली ओळ तीच! लिहिणारा लेखनिक नव्हता, तेव्हा जो मजकूर चौकटीवर असावयाचा तो घरोघर जिभेवर जपला गेला. तो जपण्यात आयांचा वाटा केवढा असेल, हे आपणांस वेगळे सांगावयास नको.

पुढे कोचीनच्या यहुदी शिक्षकांमुळे हिब्रू विद्या त्यांच्यात परतली. कंपनीच्या पलटणीतील सामुएल इझिकेल दिवेकर यांनी 1796 साली मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधले. त्याच्या नावाचा अर्थ ‘कृपेचे द्वार’. आपल्या ठाण्यातील 1879 सालच्या मंदिराच्या नावाचा अर्थ ‘स्वर्गाचे द्वार’. उपवासाच्या मोठ्या दिवसाला, म्हणजे योम किप्पूरला, त्यांच्या मराठीत ‘दरफाळणीचा सण’ म्हणत. त्या दिवशी दारे लावून मंडळी घरात प्रार्थना करीत. अशी दाराची खूण त्यांच्या भाषेत जागोजाग आढळते.

1948 साली इस्राएल राष्ट्र झाले. तेव्हा भारतात सुमारे वीस हजार बेने इस्राएल होते. पुढे बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. आज येथे थोडेच हजार उरले आहेत व त्यांतील पुष्कळजण मुंबई-ठाण्याकडे राहतात. महाराष्ट्र शासनाने 2016 साली यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला.

आमच्या मावशीही गेल्या. नियम असा आहे की घरात पुढे यहुदी कुटुंब येणार असेल तर मेझुझा तशीच ठेवावी, अन्यथा उतरवावी. जाण्याच्या दिवशी त्यांनी ती स्वतः काढली, रुमालात गुंडाळली आणि माझ्या आईच्या गळ्यात पडून रडल्या. चौकटीवर खिळ्यांची दोन भोके राहिली. नव्या बिऱ्हाडाने रंग काढला तरी ती बुजली नाहीत. आई सणाला आमच्या दाराला तोरण बांधी, तेव्हा दोन आंब्याची पाने त्या चौकटीलाही खोवीत असे. विचारले तर म्हणे, “तेही देवाचेच दार ना!”

शेजारधर्माची ही शिकवण मला एवढ्याशा दोन भोकांनी दिली. ती आपल्या मंडळाच्या लेकी-सुनांपर्यंत पोहोचावी, एवढीच इच्छा.