पेशी संकेतन

पेशी संकेतन म्हणजे इतर पेशींकडून किंवा बाह्य परिसरातून आलेला संदेश ओळखणे, तो पेशीच्या अंतर्भागात पोहोचवणे आणि त्यानुसार पेशीच्या कार्यात बदल घडवून आणणे, ही प्रक्रिया होय. शरीराची वाढ, हृदयाची गती, रक्तातील साखरेचे नियमन आणि रोगप्रतिकार या सर्व क्रिया तिच्यावर अवलंबून असतात. संदेश मिळणे जितके आवश्यक, तितकेच तो वेळेवर थांबणेही आवश्यक असते.

इतिहास

पेशींवर विशिष्ट रसायने ग्रहण करणारे घटक असावेत, अशी कल्पना ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन लँगली यांनी १९०५ मध्ये मांडली. १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकांच्या हृदयांवर प्रयोग केले. एका हृदयाची चेता उत्तेजित करून त्याची गती मंदावली आणि त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला असता तेही मंद झाले. चेतांचा संदेश रासायनिक स्वरूपाचा असतो, हे त्यावरून सिद्ध झाले. पेशीच्या आत संदेश वाहून नेणाऱ्या चक्रीय एएमपी या रेणूच्या संशोधनाशी निगडित कार्यासाठी अर्ल सदरलँड यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जी-प्रथिनांच्या शोधासाठी आल्फ्रेड गिलमन व मार्टिन रॉडबेल यांना १९९४ मध्ये, तर त्यांच्याशी जोडलेल्या ग्राहींवरील संशोधनासाठी रॉबर्ट लेफकोविट्झ व ब्रायन कोबिल्का यांना २०१२ मध्ये हा सन्मान लाभला.

संदेशांचे प्रकार

संदेश किती अंतर कापतो, यावरून त्याचे प्रकार पडतात. अंतःस्रावी ग्रंथींतून स्रवणारी संप्रेरके रक्तावाटे दूरच्या अवयवांपर्यंत जातात. स्वादुपिंडातील इन्शुलिन हे याचे उदाहरण आहे. काही रसायने केवळ शेजारच्या पेशींवर परिणाम करतात. चेतापेशींतून बाहेर पडणारी रसायने अत्यंत अरुंद फट ओलांडून पुढील पेशीला उद्दीपित करतात. काही पेशी मात्र प्रत्यक्ष स्पर्शानेच एकमेकींना संदेश देतात.

ग्राही

संदेशवाहक रेणू ज्या प्रथिनाला जोडला जातो, त्यास ग्राही म्हणतात. कुलपाला जशी ठरावीक किल्लीच लागते, तसा ग्राहीला ठरावीक आकाराचाच रेणू जुळतो. स्टेरॉइड संप्रेरके मेदात विरघळणारी असल्यामुळे पेशीपटल ओलांडून आतील ग्राहींना जोडली जातात. इतर बहुतेक संदेशवाहकांचे ग्राही पेशीपटलावर असतात. त्यांचे प्रमुख प्रकार तीन आहेत: आयनांसाठी मार्ग खुला करणारे, स्वतः विकरासारखे कार्य करणारे आणि जी-प्रथिनांशी जोडलेले.

संदेशाचा अर्थ केवळ रेणूवर नव्हे, तर ग्राहीवरही अवलंबून असतो. ॲसिटिलकोलीन हे एकच रसायन हातापायांचे स्नायू आकुंचित करते आणि हृदयाची गती मात्र कमी करते, कारण दोन्ही ठिकाणचे ग्राही भिन्न आहेत.

संकेतमार्ग

संकटाच्या वेळी स्रवणारे ॲड्रेनॅलीन यकृतपेशीच्या आत शिरत नाही. ते पटलावरील बीटा प्रकारच्या ग्राहीला जोडले जाते. ग्राहीचा आकार बदलतो व आतील बाजूचे जी-प्रथिन जीटीपी हा रेणू धारण करून कार्यान्वित होते. त्यामुळे एक विकर चालू होऊन चक्रीय एएमपी तयार करू लागते. त्यातून पुढील विकरे क्रमाक्रमाने जागृत होतात आणि साठवलेल्या ग्लायकोजनचे ग्लुकोज बनते. प्रत्येक पायरीवर एक विकर अनेक रेणूंवर क्रिया करीत असल्याने अल्प संदेशातूनही मोठा प्रतिसाद उत्पन्न होतो.

संदेशाची समाप्ती

जी-प्रथिन जीटीपीचे विघटन करून स्वतःच बंद होते. चक्रीय एएमपीचे विघटन दुसरे विकर करते, तर काही ग्राही पेशीच्या आत ओढून घेतले जातात. चेतांच्या टोकांशी ॲसिटिलकोलीन नष्ट करणारे विकर असते. शेतीत फवारली जाणारी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके हेच विकर निकामी करतात. संदेश न थांबल्यामुळे लाळ व घाम वाढतो, स्नायू थरथरतात आणि श्वसन बंद पडू शकते. उपचारात दिले जाणारे ॲट्रोपीन ॲसिटिलकोलीनच्या काही ग्राहींना अडवून धरते.

पटकी: न थांबणारा संदेश

पटकी किंवा कॉलरा या रोगाचे जीवाणू आतड्याच्या पेशींत प्रवेश करीत नाहीत. त्यांच्या विषाचा एक भाग मात्र आत शिरतो आणि जी-प्रथिनात असा रासायनिक बदल घडवतो की, ते स्वतःला बंद करू शकत नाही. चक्रीय एएमपी वाढत जाते, क्लोराइड आयन आतड्याच्या पोकळीत वाहू लागतात आणि त्यांच्यामागून सोडियम व पाणी जाते. तीव्र आजारात दर तासाला एक लिटरपर्यंत पाणी शरीराबाहेर जाऊ शकते. या विषाचे अस्तित्व शंभूनाथ डे यांनी कोलकात्यात सशांच्या आतड्यांवरील प्रयोगांतून दाखवले आणि १९५९ मध्ये ते प्रसिद्ध केले.

विषाने ही यंत्रणा बिघडली तरी ग्लुकोज व सोडियम एकत्र शोषून घेणारे प्रथिन शाबूत राहते. त्यांच्यासोबत पाणीही शोषले जाते. साखर व मीठ यांचे योग्य प्रमाणातील द्रावण प्रभावी ठरते, ते यामुळेच. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे बांगलादेशी निर्वासितांच्या छावण्यांत दिलीप महालनोबिस यांनी हे द्रावण मोठ्या प्रमाणावर वापरले आणि त्यामुळे मृत्यूंचे प्रमाण लक्षणीय घटले.