धुळ्याचे टपाल : पाळतीखालचे न्यायाधीश रानडे

१/ मे १८७९. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने मुंबई सरकार धास्तावलेले असतानाच पुण्यात बुधवार वाडा आगीत भस्मसात झाला. त्याच महिन्यात नाशिकचे सबजज्ज महादेव गोविंद रानडे यांची तडकाफडकी धुळ्यास बदली झाली. त्यांच्यावर आरोप कोणताच नव्हता. होता तो संशय.

२/ संशयाचे मूळ पुण्यात होते. रानडे हे सार्वजनिक सभेचे सूत्रधार. १८७६-७८ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली होती. गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांचा पुण्याच्या ब्राह्मण पुढाऱ्यांवर विश्वास नव्हता. बंडामागे सुशिक्षितांचे डोके असावे, हा तर्क तेव्हा प्रबळ होता.

३/ धुळे हे रावेरपासून नंदुरबारपर्यंत पसरलेल्या, तेव्हाच्या अखंड खानदेश जिल्ह्याचे मुख्य ठाणे. ऐन उन्हाळ्यात तेथे जाण्याऐवजी रजा घ्यावी, असे मित्रांनी सुचवले. रानडे यांनी ते मानले नाही.

४/ पुढची हकीकत रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींमुळे ज्ञात आहे. धुळ्यात रानडे यांचे टपाल उशिरा आणि फोडलेले येऊ लागले. बंडवाल्यांच्या नावाची पत्रेही येत. रानडे ती पत्रे पोलिसांच्या स्वाधीन करीत.

५/ या पाळतीचा लेखी हुकूम त्यांना कोणी दाखवला नाही. दाद मागण्यास जागा नव्हती. दिवसा न्यायासनावर बसून इतरांचे पुरावे तोलणारा मनुष्य स्वतःविरुद्धचा पुरावा काय, हे विचारूही शकत नव्हता. जुलै १८७९ मध्ये फडके पकडले गेले. संशय फिटल्याचे रानडे यांना कळले तेही एका इंग्रज अधिकाऱ्याच्या खासगी बोलण्यातून.

६/ १८८१ मध्ये चित्र पालटले. १८७५ च्या सुपे येथील दंग्यानंतर, सावकारी पाशातील शेतकऱ्यांसाठी १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला होता. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत त्याच्या अंमलावर देखरेख करण्यासाठी स्पेशल जज्ज हे पद होते. रानडे प्रथम त्यांचे साहाय्यक झाले आणि १८८७ मध्ये स्वतः स्पेशल जज्ज.

७/ आता दप्तरे तपासण्याचे काम त्यांचेच होते. गावोगावी मुक्काम करून ते कनिष्ठ न्यायालयांचे व तडजोड करणाऱ्या पंचांचे कागद पाहत. चुकीचा निकाल बदलण्याचा अधिकार कायद्याने स्पेशल जज्जला दिला होता. पण ही तपासणी उघड होती. ज्याचे कागद पाहिले जात, त्याला ते ठाऊक असे. १८९३ मध्ये काशिनाथ त्रिंबक तेलंग यांच्या निधनानंतर रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले.

८/ प्रश्न मात्र रानड्यांपाशी संपला नाही. १८८५ च्या तार कायद्याने सरकारला संदेश अडवण्याचा अधिकार दिला. स्वातंत्र्यानंतर २०२४ पर्यंत फोन टॅपिंगचा आधारही तोच होता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अधिकाराला मर्यादा घातल्या, पण फेरतपासणी सोपवली सचिवांच्या समितीकडे. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी आवश्यक ठरवली नाही.

९/ २०२१ मध्ये पेगॅसस प्रकरणाच्या चौकशीवर देखरेखीसाठी निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन नेमले गेले, तेही त्या एका प्रकरणापुरते. पाळत ठेवणाऱ्यावर नजर कोणाची, हा धुळ्याच्या टपालातून निघालेला प्रश्न आजही कायम आहे.